बिझनेस कॉम्प्युटरसाठी व्हाइटलिस्टिंग सॉफ्टवेअर बनवताय? अडवणं सोपं आहे, ओळखणं अवघड

व्हाइटलिस्टिंग म्हणजे परवानगी दिलेलेच प्रोग्राम चालू द्यायचे, बाकी सगळे अडवायचे. त्याचा डेमो बनवायला दोन दिवस पुरतात. विंडोजच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालणारा एक छोटा ड्रायव्हर लिहायचा, नवीन प्रोसेस सुरू होताना विंडोज आपल्याला विचारतं तिथे "नाही" म्हणायचं आणि कॅल्क्युलेटर उघडत नाही हे सगळ्यांना दाखवायचं. लोक खूश. मीपण असाच खूश झालो होतो. मग महिन्याचा दुसरा मंगळवार आला, विंडोजचे अपडेट उतरले, ढीगभर फाइलींचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) बदलले आणि सकाळी टेस्ट मशिनवर लॉगिन केलं तर काळा स्क्रीन आणि नुसता माउसचा बाण, कारण डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोररच आमच्या लिस्टमध्ये अनोळखी ठरला होता. त्या दिवशी कळलं की अडवण्याचा कोड म्हणजे या कामाचा अगदी छोटा भाग आहे, बाकी सगळा वेळ "ही फाइल नक्की कोण आहे आणि काल होती तीच आहे का" या प्रश्नात जातो. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लिहिल्यात, जिथे मला जास्त त्रास झाला तिथे जास्त लिहिलंय.

आधी हे ठरवा: खरंच बनवायचंय का

विंडोजमध्ये ही सोय एक्सपीपासून आहे, तेव्हा तिला सॉफ्टवेअर रिस्ट्रिक्शन पॉलिसीज म्हणायचे. २००९ ला विंडोज ७ सोबत ॲपलॉकर आलं, २०१५ ला विंडोज १० सोबत डिव्हाइस गार्ड, त्याचंच पुढे डब्ल्यूडॅक झालं आणि आता नाव आहे ॲप कंट्रोल फॉर बिझनेस. लिनक्सवर एफएपॉलिसीडी आहे, मॅकवर सांता आहे, दोन्ही ओपन सोर्स. तुमचं दुखणं फक्त "पॉलिसी लिहायला किचकट आहे" एवढंच असेल तर इंजिन मायक्रोसॉफ्टचंच वापरा आणि वरचं मॅनेजमेंट तुम्ही लिहा, कर्नलच्या नादी लागूच नका, हे मी मनापासून सांगतोय. स्वतःचं इंजिन तेव्हाच, जेव्हा तुम्हाला हवा तो निर्णय त्या इंजिनला घेताच येत नाही. उदाहरणार्थ, कोणी कोणाला सुरू केलं यावरून परवानगी द्यायची, किंवा अडवल्यावर त्याच क्षणी ॲडमिनला विचारून सोडायचं.

आणि कोड लिहिण्याआधी एक डॉक्युमेंट वाचा, अमेरिकेच्या निस्ट या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ८००-१६७, ऑक्टोबर २०१५ चं. जुनं आहे, पण फाइल ओळखायच्या पद्धती आणि त्यांचे तोटे त्यात सरळ भाषेत मांडलेत.

पायरी १: कोणाला अडवायचंय ते एका पानावर लिहा

एकच पान. साधा युजर ज्याच्याकडे ॲडमिन राइट्स नाहीत, तो मेलमधून आलेली फाइल उघडतो, पेनड्राइव्हवरून पोर्टेबल टूल चालवतो, ब्राउझरमधून काहीतरी डाउनलोड करतो: हे आपलं गिऱ्हाईक. ज्याच्याकडे लोकल ॲडमिन आहे तो तुमची सर्व्हिस बंद करेल, सेफ मोडमध्ये जाईल, स्वतःचा ड्रायव्हर टाकेल. त्याला थोडा त्रास देता येतो, थांबवता येत नाही. सगळे युजर ॲडमिन असलेल्या ठिकाणी व्हाइटलिस्टिंग विकायला जाऊ नका, आधी ते राइट्स काढायला सांगा.

पायरी २: "प्रोग्राम" म्हणजे काय काय

ईएक्सई तर आलंच, पण डीएलएल (प्रोग्राम वापरतात ती कोडची फाइल), ड्रायव्हर, स्क्रीनसेव्हरची एससीआर, इन्स्टॉलरची एमएसआय, मग पॉवरशेल, व्हीबीस्क्रिप्ट, जेएस, बॅच फाइल, जावाचं जार, ऑफिसमधले मॅक्रो. एक्स्टेंशनवर कधीच भरवसा ठेवू नका, दिसतं तसं नसतं. ईएक्सई फाइलचं नाव बदलून टीएक्सटी केलं तरी कोडमधून ती प्रोसेस म्हणून चालू करता येते, विंडोज आतली रचना बघतं, नाव नाही.

यात दोन जाती आहेत आणि त्या आत्ताच वेगळ्या करा. एक, जी फाइल मेमरीत एक्झिक्युटेबल इमेज म्हणून मॅप होते (ईएक्सई, डीएलएल), तिला कर्नलमध्ये पकडता येतं. दुसरी, जी कर्नलच्या नजरेत नुसता मजकूर असते आणि दुसराच प्रोग्राम ती वाचून कामं करतो, म्हणजे सगळ्या स्क्रिप्ट. बॅच फाइल चालते तेव्हा चालतं ते सीएमडी, फाइल फक्त वाचली जाते. दोन्हींना एकाच जाळ्यात पकडायला गेलात तर नाकी नऊ येतील.

पायरी ३: ओळख

चार पर्याय आहेत: पाथ, हॅश, पब्लिशर म्हणजे डिजिटल सही, आणि "ही फाइल इथे आणली कोणी". चौथ्याकडे नंतर येतो.

पाथ सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा. विंडोज फोल्डर पूर्ण अलाउ केलं की लोकांना वाटतं झालं काम, पण त्या फोल्डरच्या आतच अशा जागा आहेत जिथे साधा युजर लिहू शकतो: टेम्प, टास्क्स, ट्रेसिंग, आणि सिस्टम३२ मधल्या स्पूलच्या आत ड्रायव्हर्स, त्याच्या आतलं कलर. तिथे फाइल टाकली की चालली. म्हणून पाथचा नियम सेव्ह करताना सॉफ्टवेअरनेच त्या फोल्डरच्या आणि आतल्या सगळ्या सबफोल्डरच्या परमिशन तपासाव्यात आणि साध्या युजरला लिहिता येत असेल तर नियम घेऊच नये, नुसती वॉर्निंग देऊन भागत नाही, वॉर्निंग कोणी वाचत नाही. शिवाय एकाच फाइलला अनेक नावं असतात, जुनं आठ अक्षरांचं छोटं नाव, हार्डलिंक, जंक्शन, नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर. युजर मोडमधून (साध्या प्रोग्रामकडून) आलेला पाथ जसाच्या तसा तुलनेला घेऊ नका, फिल्टर मॅनेजरकडून (फाइलींच्या विनंत्या मधेच तपासू देणारा विंडोजचा भाग) नॉर्मलाइझ केलेलं नाव मागा.

हॅश पक्का. शा-२५६ घ्या, एमडी५ आणि शा-१ नवीन कामात आणूच नका. पण इथे एक खाच आहे: सही असलेल्या फाइलचे दोन हॅश निघतात. एक अख्ख्या फाइलचा, आणि दुसरा ऑथेंटिकोडचा (मायक्रोसॉफ्टची सही करायची पद्धत), ज्यात चेकसमचं फील्ड, सर्टिफिकेट टेबलची नोंद आणि ते टेबल स्वतः एवढं वगळतात, कारण सही नंतर चिकटवली तरी हॅश बदलायला नको. मायक्रोसॉफ्टची टूल्स बऱ्याच ठिकाणी दुसरा दाखवतात, तुमच्या ॲडमिनने कमांड लाइनवर काढलेला पहिला असतो, आणि मग "हॅश टाकलाय तरी अडवतंय" अशा तक्रारी येतात. दोन्ही साठवा, स्क्रीनवर दोन्ही दाखवा, कुठला कुठला ते स्पष्ट लिहा.

सही. बिझनेसमध्ये खरं काम हीच करते, कारण अपडेट आला तरी पब्लिशर तोच राहतो. पण ती तपासताना खाली लिहिलेल्यात मी स्वतः अडकलोय.

विंडोजच्या स्वतःच्या कितीतरी फाइलींमध्ये सही आत नसतेच, ती वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते. फक्त आतली सही बघणारा कोड लिहिलात तर नोटपॅडसुद्धा बिनसहीचं दिसतं. म्हणून आधी आतली सही, ती नसेल तर हॅश काढून कॅटलॉगमध्ये शोध.

पब्लिशरचं नाव म्हणजे नुसता मजकूर. "अमुक सॉफ्टवेअर लिमिटेड" या नावाचं सर्टिफिकेट दुसऱ्या देशात, दुसऱ्या सर्टिफिकेट देणाऱ्याकडून वेगळ्याच कंपनीला मिळू शकतं. म्हणून नियमात नावासोबत ते सर्टिफिकेट देणाऱ्या मधल्या सर्टिफिकेटची ओळखही बांधा. मायक्रोसॉफ्टची पब्लिशर लेव्हल अशीच चालते. आणि एवढ्यावरही थांबू नका, मोठ्या पब्लिशरच्या सहीची शेकडो टूल्स असतात, त्यामुळे जमेल तिथे प्रॉडक्टचं नाव, मूळ फाइलनेम आणि किमान व्हर्जन पण जोडा. किमान व्हर्जन का, तर सही असलेलं पण भोक असलेलं जुनं व्हर्जन कोणी परत आणून चालवू नये.

सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणजे फाइल वाईट असं नाही. सही करताना टाइमस्टॅम्प लावलेला असेल तर ती पुढेही चालते. आणि रिव्होकेशन (सर्टिफिकेट रद्द झालंय का) तपासायला प्रत्येक वेळी इंटरनेटवर जाऊ नका, नेट बंद असलेल्या मशिनवर प्रत्येक प्रोग्राम सुरू व्हायला टाइमआउटपर्यंत थांबतो आणि युजर म्हणतो तुमच्यामुळे मशिन स्लो झालं (आणि त्याचं बरोबर असतं). चालू करताना लोकल कॅशवरून निर्णय, रिव्होकेशन मागून निवांत.

सही केलेल्या फाइलच्या शेवटी, सर्टिफिकेटच्या भागातच, जादा डेटा चिकटवूनही सही वैध दिसते. यासाठी मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१३ मध्ये कडक तपासणी आणली पण ती डिफॉल्टने चालू ठेवली नाही, रजिस्ट्रीतून चालू करावी लागते. तुमचा व्हेरिफायर स्वतःचा असेल तर तिथे कडकच राहा.

आणि सही म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. २०१० मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट या मालवेअरचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉनच्या चोरलेल्या सर्टिफिकेटने सही केलेले होते. २०१३ मध्ये तर उघड झालं की बिट९ या व्हाइटलिस्टिंग विकणाऱ्या कंपनीचीच सही करायची सोय हल्लेखोरांच्या हाती लागली होती, कारण त्यांच्या स्वतःच्या काही मशिनवर त्यांचंच प्रॉडक्ट लावलेलं नव्हतं, आणि त्या सहीचं मालवेअर ग्राहकांकडे बिनदिक्कत चाललं. तेव्हा "आपलीच सही आहे, सोडा" असा नियम कोडमध्ये पक्का कोरू नका, तोसुद्धा काढता येण्यासारखा पॉलिसीतच ठेवा.

पायरी ४: नाका कुठे लावायचा

पूर्वी लोक कर्नलचं सिस्टम कॉल टेबल बदलायचे. ६४ बिट विंडोजवर पॅचगार्ड (कर्नलची राखण करणारा भाग) ते सहन करत नाही, मशिन पाडतं. त्यामुळे अधिकृत रस्ते दोनच कामाचे.

पहिला, प्रोसेस तयार झाल्याची सूचना देणारा कॉलबॅक (विंडोजने हाक मारायचं आपलं फंक्शन), त्याची नवी आवृत्ती जी व्हिस्टा सर्व्हिस पॅक १ पासून आहे आणि जिच्यात स्टेटस बदलून प्रोसेस अडवता येते. ड्रायव्हर लिंक करताना इंटिग्रिटीचेकचा फ्लॅग द्यावा लागतो, नाहीतर रजिस्टर करतानाच ॲक्सेस डिनाइड येतो आणि अर्धा दिवस जातो. यात कमांड लाइन मिळते, पॅरेंट (सुरू करणारी प्रोसेस) मिळतो, सगळं छान. फक्त हा कॉलबॅक येतो पहिला थ्रेड तयार झाल्यावर, म्हणजे फाइल तोवर मेमरीत मॅप होऊन गेलेली असते. मधल्या वेळात कोणी डिस्कवरची फाइल बदलली तर तुम्ही हॅश काढता बदललेल्या सभ्य फाइलचा, चालतो मात्र मूळचा मजकूर. वरातीमागून घोडं. २०२० मध्ये हर्पाडर्पिंग नावाने हीच युक्ती जाहीर झाली, त्याआधी २०१७ ला डॉपलगँगिंग होतं.

दुसरा रस्ता, फाइल सिस्टम मिनिफिल्टर, म्हणजे फाइलींच्या विनंत्या वाटेत तपासणारा ड्रायव्हर. फाइल मेमरीत मॅप करण्यासाठी सेक्शन बनवताना फाइल सिस्टमकडे एक विनंती जाते, तिचं पेज प्रोटेक्शन एक्झिक्युटचं आहे का बघायचं आणि नको असेल तर तिथेच नापास करायची. ईएक्सई आणि डीएलएल दोन्ही इथूनच जातात. खरा पहारा इथे ठेवा, आणि प्रोसेस कॉलबॅक फक्त संदर्भासाठी वापरा: कोणी सुरू केलं, कुठल्या कमांड लाइनने, कोणता युजर.

फक्त या विनंतीच्या आत फाइल वाचायला बसू नका. त्या क्षणी फाइल सिस्टमची लॉक धरायचं चाललेलं असतं, तिथे आय-ओ (डिस्कवर वाचणं-लिहिणं) केलं की डेडलॉकला, म्हणजे सगळे एकमेकांची वाट बघत अडकण्याला, आमंत्रण. पद्धत अशी: एक्झिक्युट ॲक्सेस मागून फाइल उघडली गेली की ओपन झाल्यानंतरच्या कॉलबॅकमध्ये हॅश आणि सही तपासून घ्या, निकाल त्या फाइलच्या कॉन्टेक्स्टला चिकटवा, आणि सेक्शनच्या वेळी फक्त तो निकाल वाचा. मधे कोणी त्या फाइलवर लिहिलं तर निकाल लगेच फेका, आणि सेक्शनच्या वेळी ताजा निकाल नसेल तर अडवा. फाइलला आधीपासून कोणाचं लिहिण्यायोग्य मॅपिंग आहे का हेही विचारा, कारण मेमरी मॅपिंगमधून केलेलं लिखाण साध्या राइटसारखं लगेच दिसत नाही. नेटवर्क शेअरवरच्या फाइलला तर कॅश लावूच नका, पलीकडचा सर्व्हर कधी काय बदलेल ते आपल्याला कळत नाही.

मिनिफिल्टरला अल्टिट्यूड नावाचा आकडा लागतो, म्हणजे फिल्टरच्या उतरंडीत तुमची जागा. तो मनाने टाकू नका, मायक्रोसॉफ्टकडून मागून घ्या.

लिनक्ससाठी थोडक्यात: फॅनोटिफायमध्ये (फाइलींवरच्या हालचाली कळवणारी लिनक्सची सोय) कर्नल ५.० पासून "एक्झिक्युट करायला उघडतोय, परवानगी द्या" असा खास इव्हेंट आहे, तिथून सुरुवात सोपी. मॅकवर कॅटालिना म्हणजे २०१९ पासून एंडपॉइंट सिक्युरिटी फ्रेमवर्क, त्यासाठी ॲपलकडून एंटायटलमेंट (खास परवानगी) घ्यावं लागतं आणि उत्तर ठरलेल्या वेळेत दिलं नाही तर सिस्टम तुमचीच प्रोसेस मारून टाकते. म्हणून तिथे निर्णय आधी, सविस्तर तपास नंतर.

पायरी ५: ड्रायव्हर मुका ठेवा, अक्कल सर्व्हिसमध्ये

सर्टिफिकेट पार्स करणं, पॉलिसी वाचणं, सर्व्हरशी बोलणं यातलं काहीही कर्नलमध्ये नको. ड्रायव्हर फिल्टर मॅनेजरच्या पोर्टवरून सर्व्हिसला विचारेल, सर्व्हिस "हो" किंवा "नाही" सांगेल. विचारताना टाइमआउट द्याच. आणि तुमची सर्व्हिस तीच फाइल तपासायला उघडते तेव्हा ती उघडणंही तुमच्याच फिल्टरकडे येतं, मग तो परत सर्व्हिसला विचारतो, सर्व्हिस परत उघडते... हा गोल प्रत्येकजण एकदा तरी करतो. पोर्टला जोडलेल्या प्रोसेसचा आयडी नोंदवून तिच्या ओपन सोडून द्या.

बूटच्या सुरुवातीला सर्व्हिस उठलेलीच नसते, तोपर्यंत काय? एक छोटी, आधीच शिजवलेली हॅशची यादी ड्रायव्हरने बूटलाच वाचावी, आणि तिच्यात नसलेलं काही आलं तर कसं वागायचं तेही त्याच यादीत असावं.

कॅशशिवाय हे सगळं रांगतं. ब्राउझरची मुख्य डीएलएल एकटी शंभर एमबीच्या वर असते, ती दर वेळी कोण वाचणार. फाइल आयडी, व्हॉल्यूम आणि शेवटच्या बदलाची नोंद यावरून मेमरीत कॅश ठेवा. एनटीएफएसवर आणखी भारी सोय आहे: विंडोज ८ पासून कर्नलचे खास एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट, जे युजर मोडमधून लिहिता येत नाहीत, आणि त्यातलाच पर्ज नावाचा प्रकार फाइल बदलली की आपोआप पुसला जातो. निकाल त्यात ठेवला की रीबूटनंतरही परत हॅश काढायची गरज नाही. निकालासोबत पॉलिसीचा नंबर पण ठेवा, नाहीतर पॉलिसी बदलल्यावर जुनेच निकाल चालू राहतात आणि ते शोधून काढणं म्हणजे डोक्याला शॉट.

सुरुवातीची यादी बनवायला डिस्क स्कॅन करताना एक सांभाळा, वनड्राइव्हसारख्या क्लाउड फोल्डरमधल्या फाइली दिसतात पण डिस्कवर नसतात, तुम्ही वाचायला गेलात की त्या डाउनलोड होतात. रिकॉलचं ॲट्रिब्यूट असलेली फाइल स्कॅनमध्ये सोडून द्या, नाहीतर रात्रीच्या स्कॅनने सगळ्यांचा अख्खा क्लाउड खाली उतरेल.

पायरी ६: पॉलिसी फाइल

साधी ठेवा. नकाराचे नियम आधी, मग परवानगीचे, उरलेलं सगळं बंद. प्रत्येक नियमाला आयडी, कोणी टाकला, का टाकला, कधी संपतो. "तात्पुरतं" म्हणून टाकलेला आणि मुदत नसलेला नियम कायमचाच राहतो, म्हणून मुदतीचं फील्ड रिकामं ठेवूच देऊ नका. फाइलवर सर्व्हरची सही हवी आणि वाढत जाणारा व्हर्जन नंबर हवा, जेणेकरून कोणी जुनी, ढिली पॉलिसी परत आणून ठेवली तर क्लायंट ती नाकारेल. सही करायची गुप्त किल्ली वेब सर्व्हरवर ठेवू नका.

पायरी ७: अपडेट, खरं घोडं इथेच पेंड खातं

व्हाइटलिस्टिंग बंद पडलेली जी ठिकाणं मी पाहिली तिथे कोणी हॅकरने ते पाडलं नव्हतं, रोजच्या अपडेटने पाडलं होतं. दर आठवड्याला दहा प्रोग्राम अडतात, ॲडमिन कंटाळतो, एक दिवस स्टार लावून सगळं अलाउ करतो, आणि मग सॉफ्टवेअर फक्त शोभेला.

सही असलेल्या प्रॉडक्टचं पब्लिशर नियमाने भागतं. युजरच्या प्रोफाइलमध्ये इन्स्टॉल होणारी आणि स्वतःच अपडेट होणारी चॅट आणि मीटिंगची ॲप्स पाथने कधीच धरू नका, ती जागा युजरला लिहिता येणारी आहे, तिथे पब्लिशरच.

बिनसहीचं असतं त्यासाठी वर म्हटलेली चौथी ओळख: आणलं कोणी. कंपनीची सॉफ्टवेअर वाटणारी सिस्टम किंवा ठराविक अपडेटर याला "विश्वासू इन्स्टॉलर" म्हणून नेमायचं. त्या प्रोसेसने आणि तिच्या पोटच्या प्रोसेसनी ज्या एक्झिक्युटेबल फाइली लिहिल्या त्यांच्यावर कर्नलने शिक्का मारायचा, आणि शिक्का असला की चालू द्यायचं. मायक्रोसॉफ्टचं मॅनेज्ड इन्स्टॉलर याच तत्त्वावर चालतं. बनवताना तीन ठिकाणी लक्ष द्या. एक, वारसा कुठे थांबतो: इन्स्टॉलर संपल्यावर "आता प्रोग्राम सुरू करा" म्हणून जे ॲप उघडतो तेही पोटचंच असतं, त्या ॲपमधून युजरने डाउनलोड केलेल्या फाइलवर पण शिक्का बसला तर भगदाड पडलं. पिढ्यांची मर्यादा घाला आणि इन्स्टॉलचं सेशन संपलं की शिक्के मारणं बंद. दोन, एमएसआयचं काम युजरने सुरू केलेली प्रोसेस करत नाही, विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस करते, त्यामुळे पॅरेंटची साखळी तिथे तुटते आणि ती तुम्हाला एमएसआय फाइलवरून जोडावी लागते. तीन, शिक्का बसलेली फाइल नंतर दुसऱ्याच कोणी बदलली तर शिक्का गेलाच पाहिजे.

डीएलएल पण तपासत असाल (तपासाच, फक्त ईएक्सई धरली तर चांगल्या ईएक्सईच्या शेजारी वाईट डीएलएल ठेवून काम होतं) तर डॉटनेटच्या नेटिव्ह इमेज (आधीच मशिनच्या भाषेत बदलून ठेवलेल्या फाइली) भेटतील. त्या प्रत्येक मशिनवर तिथल्या तिथे बनतात, सही नसते, हॅश दुसऱ्या मशिनशी जुळत नाही. त्यांच्यासाठी त्या बनवणाऱ्या प्रोसेसला विश्वासू लेखक माना आणि ते फोल्डर साध्या युजरला लिहिता येत नाही याची खात्री करा. कंपनीत घरी बनवलेली टूल्स असतील तर त्यांच्यावर अंतर्गत सर्टिफिकेटने सही करायची सवय डेव्हलपरना लावा, हे एक केलं की निम्मी डोकेदुखी कमी.

पायरी ८: कुंपणच शेत खातं तेव्हा

विंडोजसोबत येणारे, मायक्रोसॉफ्टचीच सही असलेले काही प्रोग्राम दुसऱ्याचा कोड चालवून देतात: एमएसएचटीए, रेगएसव्हीआर३२, रनडीएलएल३२, एमएसबिल्ड, इन्स्टॉलयूटिल, डब्ल्यूस्क्रिप्ट, सीस्क्रिप्ट. "मायक्रोसॉफ्टचं सगळं अलाउ" केलं की हे पण अलाउ. मायक्रोसॉफ्ट स्वतः ब्लॉक करण्यासारख्यांची यादी देतं, ती नकाराच्या नियमांत आधीच भरून द्या. यातले काही सरसकट बंद करता येत नाहीत, रनडीएलएल३२ बंद केलं तर कंट्रोल पॅनेलचे तुकडे पडतात, तिथे कमांड लाइन आणि पॅरेंट बघून ठरवा आणि डीएलएलचा पहारा चोख ठेवा. एमएसएचटीए मात्र बहुतेक ऑफिसात कोणाला लागत नाही, उडवा.

पॉवरशेलची नुसती ईएक्सई अडवून फार होत नाही, त्याचं इंजिन म्हणजे एक डॉटनेट डीएलएल आहे जी दुसरा प्रोग्रामही लोड करू शकतो. विंडोज १० पासून ॲम्सी (स्क्रिप्ट तपासायला देणारी विंडोजची सोय) आहे, तिथे प्रोव्हायडर म्हणून नोंद केली की पॉवरशेल, व्हीबीस्क्रिप्ट, जेस्क्रिप्टचा मजकूर तुमच्याकडे येतो, आणि ऑफिसचा मॅक्रो चालताना काही संशयास्पद करू लागला की त्याच्या वागण्याची नोंद येते. पण ॲम्सी युजरच्याच प्रोसेसमध्ये चालतं आणि ते बायपास करायच्या युक्त्या उघड आहेत, त्यामुळे हा दुसरा पहारा समजा. पॉवरशेलचा कन्स्ट्रेन्ड लँग्वेज मोड (धोकादायक सोयी बंद ठेवणारा) ॲपलॉकर किंवा ॲप कंट्रोलच्या पॉलिसीवरून लागतो, तेव्हा तेवढ्यापुरतं त्यांना सोबतीला घ्यायला लाजू नका, आम्ही शेवटी तेच केलं. पायथनसारखा इंटरप्रिटर अलाउ करणं म्हणजे जगातल्या सगळ्या पायथन स्क्रिप्ट अलाउ करणं, तो फक्त ज्यांना लागतो त्या ग्रुपलाच.

मेमरीतच बाइटमधून लोड होणारी डॉटनेट असेंब्ली किंवा चांगल्या प्रोसेसमध्ये टोचलेला कोड यात दिसत नाही. विकताना हे ग्राहकाला आधीच सांगा, त्यासाठी दुसरी टूल्स असतात.

पायरी ९: आधी नुसतं बघा

ऑडिट मोड पहिल्या दिवसापासून हवा: निर्णय घ्यायचा, लॉग करायचा, पण अडवायचं नाही. ॲपलॉकर यासाठी ८००३ नंबरचा इव्हेंट लिहितं, "अडवलं असतं", आणि खरंच अडवलं की ८००४. तुमच्याकडेही हे दोन वेगळे असू द्या. किमान एक पूर्ण महिना तरी बघा, कारण पगाराचं, महिनाअखेरच्या हिशोबाचं टूल महिन्यातून एकदाच चालतं, आणि वर्षातून एकदाच लागणाऱ्या टूलसाठी अकाउंट्सच्या लोकांना जाऊन विचारा, ते लॉगमध्ये सापडणार नाही.

"लर्निंग मोड" म्हणजे जे चाललं ते आपोआप यादीत, हे मला पटत नाही. मशिनवर आधीच मालवेअर असेल तर त्यालाही ओळखपत्र मिळतं. शिकलेलं सगळं प्रस्ताव म्हणून ॲडमिनसमोर यावं, पब्लिशरप्रमाणे गठ्ठे करून, किती मशिनवर दिसलं या आकड्यासह. एकाच मशिनवरची बिनसहीची फाइल सगळ्यात वर दाखवा, बघायची असते ती तीच.

चालू करताना आयटीची स्वतःची मशिन पहिली, मग थोडे थोडे ग्रुप. एका मशिनला दूरून परत ऑडिटवर टाकायचं बटण ठेवा आणि कोणी कधी दाबलं ते लॉगमध्ये जाऊ द्या.

पायरी १०: अडवल्यानंतरचा मेसेज

नुसतं "ॲक्सेस डिनाइड" दिसलं की युजर फाइल पाच वेळा परत डबलक्लिक करतो आणि मग फोन करतो. कोणती फाइल, का अडवली, आणि "मागणी करा" हे बटण. मागणीत हॅश, सही, पाथ, पॅरेंट, युजर हे आपोआप जावं, युजरला कारण फक्त एका ओळीत लिहायला लावा. नेट नसलेल्या लॅपटॉपसाठी फोनवर सांगता येईल असा कोड हवा, जो त्याच मशिनला, त्याच हॅशला आणि थोड्याच वेळासाठी चालेल. आणि डीएलएल अडवल्याचे मेसेज युजरला दाखवू नका, एक प्रोग्राम उघडताना वीस खिडक्या येतात, ते लॉगमध्येच बरे.

पायरी ११: स्वतःला सांभाळणं आणि पडल्यावर काय

सर्व्हिस मेली तर सगळं सोडायचं की सगळं अडवायचं? माझं उत्तर मधलं आहे: आधी तपासलेल्या कॅशमधलं चालू द्यायचं, नवीन अडवायचं. त्यामुळे लोकांचं काम थांबत नाही आणि सर्व्हिस मारून फायदाही होत नाही. सर्व्हिसच्या प्रोसेसवर हँडल मिळवण्याचे हक्क कर्नलमधून कमी करा, रजिस्ट्रीतल्या आपल्या नोंदी सांभाळा, ड्रायव्हर अनलोड करायची विनंती नाकारा. सही असलेले पण भोकाचे ड्रायव्हर आणून कर्नलमध्ये शिरायची पद्धत सर्रास चालते, त्यासाठी मायक्रोसॉफ्टची असुरक्षित ड्रायव्हरची ब्लॉकलिस्ट चालू आहे का हे तुमच्या इन्स्टॉलरने तपासावं.

पायरी १२: टेस्ट आणि रिलीज

विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नवीन कर्नल ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही लागते आणि त्या अकाउंटसाठी ईव्ही (कंपनीची कडक पडताळणी करून मिळणारं) सर्टिफिकेट लागतं, कागदपत्रांना वेळ जातो, कोड लिहायला घेतानाच अर्ज करा. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरच्या चुका पकडणारं विंडोजचं टूल) डेव्हलपरच्या प्रत्येक टेस्ट मशिनवर कायम चालू. मेमरी इंटिग्रिटी (कर्नलमधल्या कोडचं विंडोजचं जादा संरक्षण) चालू असलेल्या मशिनवर, दोन-तीन अँटीव्हायरससोबत, बॅकअप चालू असताना, हायबरनेशनमधून उठताना, डिस्क भरलेली असताना चालवून बघा. टेस्टमध्ये मुद्दाम तुटकी, अर्धवट, शून्य बाइटची पॉलिसी फाइल द्या.

ती शेवटची टेस्ट का, तर १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका कंटेंट अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिन पाडली. नवीन ड्रायव्हर नव्हता, ड्रायव्हर वाचतो ती डेटा फाइल होती. तुमची पॉलिसी फाइल म्हणजे नेमकी तीच गोष्ट. म्हणून तीही टप्प्याटप्प्याने सोडा, पहिल्या ग्रुपकडून "वाचली, लागू केली, मशिन रीबूट होऊन परत आलं" असा निरोप आल्याशिवाय पुढच्या ग्रुपला देऊ नका, आणि ड्रायव्हरने बूटला स्वतःचा काउंटर ठेवावा: लागोपाठ तीनदा बूट पूर्ण झालं नाही तर मागची चाललेली पॉलिसी उचलायची, ऑडिटवर जायचं आणि नेट मिळाल्याबरोबर सर्व्हरला कळवायचं. हा काउंटर मी पहिल्या व्हर्जनमध्ये नंतर बघू म्हणून सोडला होता, आणि मग पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशिनपाशी जाऊन रिकव्हरी कमांड टाईप करत बसलो होतो.